मांडीवरचा एक, गालावरचे दोन

पत्र असं आहे :

"डॉक्टर, माझा मुलगा साडेसात महिन्यांचा आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात राहतो. पाचव्या महिन्यात आंघोळ घालून पुसताना त्याच्या डाव्या मांडीवर, बाहेरच्या अंगाला, फिकट चट्टा दिसला. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा असेल. वाढलेला वाटत नाही. गेल्या महिन्यात मात्र दोन्ही गालांवरही फिकट ठिपके आले. हात फिरवला की ते किंचित खरखरीत लागतात. सासूबाई म्हणतात हे कोडच, कारण पोटुशी असताना मी माशांवर दूध प्यायचे. मिस्टरांच्या आत्यांना कोड आहे. शेजारच्या काकी म्हणतात जंत असतील, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलंय. एकांनी बावचीचं तेल आणून दिलंय, ते लावून बाळाला कोवळ्या उन्हात ठेवा म्हणाले. मेडिकलमधून एक ट्यूबही आणलीय. अजून दोन्हींतलं काही लावलेलं नाही. उष्टावण पुढे ढकललंय, कारण चार माणसं आली आणि गालाकडे बघून विचारलं तर काय सांगू? हे माझ्यामुळे झालंय का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही.

माशांवर दूध घेतलं की कोड होतं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की शिकल्यासवरल्या घरांतही सुरमईच्या दिवशी खिरीची वाटी बाजूला सरकवतात. पण आईनं काय खाल्लं त्यावरून बाळाच्या अंगावर फिकट चट्टा उठत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पांगतात. हे सगळं गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच उरकतं. बऱ्याच बायकांना तेव्हा अजून कोरड्या ओकाऱ्यांपलीकडे काही सुचत नसतं. त्या प्रवासात एखाद्या ठिकाणी थोडी गफलत झाली तर त्याचा ना तुमच्या जेवणाशी संबंध, ना ग्रहणात विळी हातात धरल्याशी. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणी बाळाला टेबलावर ठेवायच्या आधीच गुन्हा कबूल केल्यासारखं सांगायला लागतात, "मी पपई खाल्ली होती", "मी ग्रहणात भाजी चिरली होती". ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. हे ओझं तुम्ही आजच खाली ठेवा.

दुसरं, त्या दोन्ही गोष्टी लावल्या नाहीत हे फार चांगलं केलंत. बावची कोडावर वापरतात हे खरं आहे. तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं आणि ते कातडीला उन्हाच्या बाबतीत कमालीचं हळवं करतं. मोठ्या माणसात हाच गुण मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो. बाळाच्या कातडीवर तेल चोळून त्याला अंगणात ठेवणं म्हणजे भाजण्याला निमंत्रण आहे, आणि कोवळं ऊन असलं तरी तो धोका टळत नाही. फसवं असं की त्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात. काही वर्षांपूर्वी अकरा महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आणली होती. पोटावर रुपयाएवढा फिकट डाग होता, त्यावर हेच तेल लावलेलं. ती आली तेव्हा पोटावर तळहाताएवढा भाजल्याचा पट्टा होता, पाण्यानं टच्च भरलेले फोड, आणि आई तिला अंगाशी धरूही शकत नव्हती, कारण कुठेही टेकलं तरी ती किंचाळायची. जखम भरली, तिथे काळपट-पांढरा असा कायमचा व्रण राहिला. मूळचा डाग तसाच होता.

ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. खोक्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही आहे का बघा. गजकर्ण, खाज, पुरळ सगळ्यावर एकच म्हणून काउंटरवरून सर्रास हातात देतात त्या मलमांत बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा, त्यामुळे मलम अंगात भरपूर मुरतं. ते काही आठवडे लावत राहिलं तर कातडी विरते आणि, लक्षात ठेवा, तिथला रंग आणखी फिकट होतो. म्हणजे ज्या कारणासाठी लावलं तेच वाढतं. डॉक्टर कधीकधी इसबासाठी सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांकरता देतात, ते वेगळं. तुमच्याकडची ट्यूब डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा, लावू मात्र नका.

आता चट्ट्यांकडे येऊ. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे बारकाईनं लिहिलंत त्यावरून एक गोष्ट मला जवळजवळ नक्की वाटते. मांडीवरचं आणि गालावरचं हे एकच दुखणं नसावं. घरात सगळ्यांनी तिन्ही डाग एका माळेत ओवले आणि तिथूनच भीती वाढली : आधी मांडीवर, आता गालावर, म्हणजे पसरतंय. तुमचंच वर्णन परत वाचा. मांडीवरचा चट्टा खरखरीत लागतो असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, आणि तो अडीच महिन्यांत वाढलेलाही नाही. गालावरचे खरखरीत आहेत आणि नंतर आलेत. दोन वेगळ्या पाहुण्यांना एका गावचं समजू नका.

मांडीवरच्या चट्ट्याबद्दल बाळ जन्मलं तेव्हा कोणी काही म्हणालं नव्हतं, म्हणून तो नवा वाटतो. बहुधा तो जन्मापासूनचाच असेल. आपल्याकडची बाळं जन्मतः गुलाबी-गोरी दिसतात, आणि खरा रंग पुढच्या महिन्यांत हळूहळू चढतो. म्हाताऱ्या बायका कानाची पाळी नि नखांची मुळं बघून "सावळा होणार" असं सांगतात ना, ते निरीक्षण अगदी बरोबर आहे. आजूबाजूची कातडी सावळी होत गेली की जिथे रंग कमी चढतो ती जागा उठून दिसायला लागते. चौथ्या-सहाव्या महिन्यात "अचानक" दिसलेले बरेच चट्टे असे असतात.

अशा एकट्या, फिकट, कडा थोड्या दातेरी असलेल्या जन्मखुणेला डॉक्टर नीव्हस डीपिगमेंटोसस म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी. त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, पण त्या रंगाचे कण शेजारच्या पेशींना नीट पोचते करत नाहीत. अंगावर जन्मतः काळं लासं असतं ना, तसंच हे फिकट लासं. मूल वाढेल तसं ते त्याच प्रमाणात मोठं होतं, नव्या जागी उड्या मारत नाही, दुखत नाही, खाजत नाही, आणि त्याला औषध लागत नाही. आयुष्यभर राहतं एवढंच.

आणखी एक प्रकार आहे, तो घरच्या घरी ओळखता येतो. चट्ट्याच्या कडेवर स्वच्छ काचेचा पेला हलकेच टेकवून दाबा. काचेतून बघताना चट्ट्याची कड पुसली जाऊन सगळी कातडी एकसारखी फिकी दिसली, तर तिथे रंग कमी नाही, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात. जागा हातानं चोळली तर भोवतीची कातडी लालसर होते आणि चट्टा तसाच फिका राहतो. हेही निरुपद्रवी.

आता एक काम तुम्हाला सांगते आणि ते मन लावून करा. उद्या दुपारी, खिडकीजवळ, भरपूर उजेडात बाळाला पूर्ण उघडं करा. पाठ, ढुंगण, काखा, पाय, कानांमागे, केसांत, सगळीकडे बघा आणि फिकट चट्टे मोजा. अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे असे किती आहेत? एक-दोन असतील तर ते कितीतरी धडधाकट बाळांच्या अंगावर असतात. तीन किंवा जास्त असतील, विशेषतः एका टोकाला निमुळते, पानासारखे, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावं लागेल. गालावरचे खरखरीत ठिपके या मोजणीत धरू नका.

याचं कारण सांगते, घाबरवण्यासाठी नाही, पण माहीत असायला हवं म्हणून. ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा एक जनुकीय आजार आहे. साधारण ६,००० जन्मांमागे एका बाळाला होतो, म्हणजे दुर्मीळ. यात मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे अशा ठिकाणी छोट्या गाठी होऊ शकतात. पण या आजाराच्या दहांपैकी नऊहून अधिक मुलांच्या अंगावर हे पानासारखे फिकट चट्टे असतात, आणि बहुधा सगळ्यात आधी तेच दिसतात. बहुतांश वेळा घराण्यात कोणालाच हा आजार नसतो, बदल त्या बाळातच नव्यानं झालेला असतो. म्हणून "आमच्याकडे असलं काही नाही" यावर थांबून चालत नाही.

चट्ट्यांपेक्षा महत्त्वाचं आहे ते झटक्यांकडे लक्ष ठेवणं. तुमचं बाळ ज्या वयात आहे, त्याच वयात, म्हणजे साधारण तिसऱ्या महिन्यापासून वर्षापर्यंत, एका प्रकारचे झटके येतात आणि ते आकडीसारखे दिसतच नाहीत. बाळ झोपेतून उठतं, आणि एकदम मान खाली, हात बाजूला फेकल्यासारखे, अंग क्षणभर आवळतं, सुटतं. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा. असे ओळीनं दहा-वीस. मधेच रडतं. घरची माणसं म्हणतात पोटात मुरडा आलाय, दचकलंय, दात येतायत. माझ्याकडे एका बाळाचं निदान त्याच्या आजीमुळे झालं. आई-वडिलांनी सर्दी म्हणून आणलं होतं. आजी दारापाशी उभी होती, जाता जाता म्हणाली, "बाई, हा उठला की नमस्कार घातल्यासारखं करतो, ते बघा ना." मी त्याचं आंगडं काढलं. पाठीवर आणि पोटरीवर मिळून पाच फिकट चट्टे होते. आजीचं ते वाक्य सुटलं असतं तर आणखी काही आठवडे गेले असते, आणि या आजारात उपचार जितके लवकर तितका बाळाच्या वाढीला फायदा. १८४१ साली इंग्लंडमधल्या विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरांनी स्वतःच्या तान्ह्या मुलाला येणाऱ्या अशाच झटक्यांबद्दल 'लॅन्सेट'ला कळकळीचं पत्र लिहिलं होतं. तेव्हा औषध नव्हतं. आज आहे. मेंदूचा आलेख काढून निदान करता येतं आणि बऱ्याच मुलांचे झटके थांबवता येतात. तुमच्या बाळाला असं काही होत असेल, किंवा ते आधी हसायचं-वळायचं आणि आता मंदावलंय असं वाटत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुमच्या पत्रात असं एकही लक्षण नाही, हे मी पुन्हा एकदा वाचून बघितलंय.

गालाचं बोलू. तुमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत मला तीन शक्यता दिसतात.

पहिली, इसबाची. या वयात लाळ गळते, गाल ओले राहतात, पुसून पुसून लाल होतात. कधी तर लाली इतकी हलकी असते की सावळ्या कातडीवर लक्षातच येत नाही. ती ओसरली की मागे फिकी जागा उरते. कातडीला कुठलीही इजा झाली, घामोळं, डास चावणं, डायपरखालचं पुरळ, डोक्यावरची खपली कपाळापर्यंत उतरणं, तरी नंतर काही आठवडे-महिने रंग मागे पडतो. सावळ्या बाळांत हे जास्त दिसतं. करदोड्याखाली कमरेभोवती फिकट रेघ उमटलेली बाळं मी कितीतरी पाहिली आहेत. ओला दोरा दिवसभर घासत राहतो, दुसरं काही नसतं. दोरा काढला की रेघ हळूहळू भरते. दंडावर बीसीजीच्या जागी फिका व्रण असेल तर तोही नेहमीचाच.

दुसरी शक्यता, कोरड्या कातडीचे ते फिकट, धूसर कडांचे, पिठुळ डाग. शाळकरी मुलांच्या गालांवर हे एवढे दिसतात की त्यांना आपण जंताचे डाग असंच नाव देऊन टाकलंय. जंतांशी त्यांचा संबंध नाही, कॅल्शियमशीही नाही. तान्ह्या बाळांत ते कमी, पण इसबाकडे कल असलेल्या बाळात दिसू शकतात. उन्हानं भोवतीची कातडी रापली की ते आणखी उठून दिसतात, म्हणून उन्हात बसवून ते जाणार नाहीत. साबण कमी, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, आणि धीर. रंग परतायला महिने लागतात. आणि साडेसात महिन्यांच्या बाळाला जंताचं औषध देऊ नका. सरकारी जंतनाशक मोहिमेतसुद्धा गोळी वर्षाच्या पुढच्याच मुलांना देतात, दोन वर्षांच्या आत असेल तर अर्धीच.

तिसरी, शिबं. मोठ्यांच्या पाठीवर, मानेवर पावसाळ्यात येतात तीच. ती एका सूक्ष्म बुरशीमुळे येतात, ती बुरशी आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतेच, आणि तेल नि घाम मिळाला की फोफावते. बाळांना शिबं होत नाहीत असं पुष्कळांना वाटतं. होतात, आणि बाळांत ती मुख्यतः कपाळ, कानशिलं, गाल अशा चेहऱ्याच्या भागावरच दिसतात. टाळू भरायला ओतलेलं खोबरेल कपाळावरून गालावर ओघळतं, वर कुंची, वर दमट हवा. तुमच्या अंगावर किंवा बाळाला मालिश करणाऱ्या बाईंच्या मानेवर शिबं आहेत का, तेही बघा. डॉक्टर गालावरचा कोंडा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दहा मिनिटांत कळतं. साध्या बुरशीनाशक मलमानं ती जातात. बुरशी मेल्यावरही फिकेपणा काही आठवडे राहतो, तेव्हा "औषध लागू पडलं नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका.

तोवर एवढंच करा : मालिश चालू ठेवा, पण तोंडाला नि कपाळाला तेल नको. डाळीचं पीठ, हळद, मसुराचं उटणं काहीही गालावर रगडू नका. रगडून रंग येत नाही, असलेला जातो. लाळ मऊ सुती फडक्यानं टिपा, पुसू नका.

आणि कोड? त्याबद्दल न बोलता पुढे गेले तर तुमच्या मनातला काटा तसाच राहील. कोडात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा रंगाच्या पेशी मारून टाकते. त्यामुळे डाग फिकट राहत नाही, खडूसारखा किंवा दुधासारखा पांढराफटक होतो, कडा स्पष्ट, वर कोंडा नाही, कधी त्यावरचे केसही पांढरे. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, बोटांवर, गुप्तांगावर, आणि बहुधा वाढत जाणारा. वर्षाच्या आत कोड सुरू होणं क्वचितच घडतं. डॉक्टरांकडे वुड्स लॅम्प नावाचा जांभळट उजेडाचा दिवा असतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडात कोडाचा डाग निळसर पांढरा लखलखतो, तुमच्या बाळाच्या मांडीवर बहुधा आहे तसा चट्टा नुसता फिका दिसतो. शंका फिटायला तेवढं पुरतं.

आत्यांमुळे बाळाला होईल का? कोडाचा कल घराण्यात थोडा उतरतो, हे खरं. पण किती, ते एका आकड्यावरून समजून घ्या. एकाच बीजाच्या, हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला कोड असेल तर दुसऱ्याला ते सुमारे २३ टक्के वेळाच होतं. सगळी जनुकं सारखी असून ही गत. तुमच्या बाळासाठी तर त्या वडिलांच्या आत्या आहेत. आणि कोड शिवल्यानं लागत नाही, कडेवर घेतल्यानं, मुका घेतल्यानं लागत नाही. आत्यांनी त्याला इतक्या महिन्यांत जवळ घेतलंय का हो? पत्रात त्यांचा उल्लेख फक्त कारण म्हणून आला आहे. त्या घरात वावरताना गेले काही आठवडे हा शब्द किती वेळा ऐकत असतील, याचाही विचार माझ्या मनात आला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जन्मापासून कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि अंगावर पांढरे पट्टे असतील, किंवा दोन डोळ्यांचे रंग वेगळे असतील, तर बाळाची ऐकण्याची तपासणी करून घ्यावी लागते. फिकट रंगाच्या वळणदार रेघा किंवा भोवरे अर्ध्या अंगभर असतील तर वाढीवर लक्ष ठेवतात. कुष्ठरोगाची भीती तान्ह्या बाळाच्या बाबतीत बाळगू नका, तो संसर्गानंतर दिसायलाच सरासरी पाच वर्षं घेतो. मात्र घरात कोणाचे त्यावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि चट्टा वेगळा, सगळं बाळच पांढरंफिकं दिसणं वेगळं. तळहात, ओठ, डोळ्यांच्या आतली बाजू फिकी वाटली तर ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं.

आता चार ओळी सासूबाईंसाठी. त्यांना वाचून दाखवा.

आजी, नमस्कार. तुम्हाला नातवाची काळजी वाटते, म्हणूनच तुम्ही बोलता, हे मला कळतं. तुमच्या काळात पांढरा डाग म्हटलं की कोडच समजायचे आणि मुलीचं लग्न अडायचं, ते दिवस तुम्ही पाहिले आहेत. पण सुनेनं काही चुकीचं खाल्लेलं नाही. तिला झोप नाही, अंगावर पाजतेय, आणि वर हे मनाला लावून घेतलंय. बाळाला न्हाऊ तुम्ही घालत असाल तर त्याचं सगळं अंग रोज तुमच्याच डोळ्यांखालून जातं. तुमच्याएवढं बारकाईनं त्याला कोणी बघत नाही. नवा चट्टा दिसला, किंवा उठल्यावर ते नमस्कार घातल्यासारखं काही करताना दिसलं, तर सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल. त्यासाठी तुमची फार गरज आहे. बावचीची बाटली तेवढी परत करून टाका.

ताई, दाखवायला कुठे जायचं? बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ, दोन्ही चालतील. येत्या पंधरवड्यात जा. जिल्हा रुग्णालयात दोन्ही बाह्यरुग्ण विभाग असतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, आशाताईंना तारीख विचारून ठेवा. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, तपासणी आणि पुढची पाठवणी मोफत असते. जाताना बाळाच्या गालाला तेल-पावडर काही लावू नका, नाहीतर डॉक्टरांना कोंडा दिसणार नाही. सोबत ती ट्यूब न्या. आणि फोटो न्या : शिंप्याची टेप चट्ट्याशेजारी धरून, खिडकीच्या उजेडात, मागे एकाच रंगाची चादर, दर महिन्याच्या त्याच तारखेला. रोज काढू नका. रोज बघितलं की रोज वाढल्यासारखं वाटतं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस या चट्ट्यांमुळे लांबवू नका.

राहिलं उष्टावण. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. मांडी नि गाल थांबू शकतात, बाळाचं पोट थांबू शकत नाही. सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधातलं लोह त्याला पुरत नाही, वरचं अन्न लागतं, आणि तुमचा मुलगा साडेसात महिन्यांचा झाला. कार्यक्रम हवा तेव्हा करा, मामाला बोलवा, चांदीची वाटी काढा, कोणी गालाबद्दल विचारलंच तर "लाळेनं कोरडे पडलेत, डॉक्टरांना दाखवतोय" एवढं सांगा. पण खाऊ घालायला मुहूर्त नको. उद्याच मऊ शिजवलेला वरणभात बोटानं कुस्करून, वर थोडं तूप घालून दोन-तीन चमचे द्या, दोन दिवसांनी नाचणीचं सत्त्व, मग उकडलेला बटाटा, भोपळा, आठवड्याभरात काटे नीट काढलेला माशाचा मऊ तुकडा. मीठ-साखर नको, वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. अंगावरचं दूध चालूच ठेवा, आणि माशाच्या दिवशीही द्या.